सतरा नंबरचं विरजण

फ्रुंझे, ३ ऑक्टोबर १९७६

सेयिल,

तुझा पत्ता मामानं दिला नाही. त्याच्या कोटाच्या खिशात तुझ्या पत्राचं पाकीट होतं, त्यावरून उतरवून घेतला. त्याला कळलं असावं. "कोट इथं टांगतो, जरा घोडी बघून येतो," म्हणाला आणि अर्धा तास आला नाही.

बंदरावर पाणी तपासायच्या कामावर आहेस, एवढं मामी बोलली. बाकी मी विचारलं नाही.

मी ठीक आहे. झोप लागते. जेवण जातं. चव लागत नाही, पण जातं. आईचा पलंग अजून खिडकीशीच आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. दुसऱ्या खोलीत तुझी पुस्तकं आहेत, ती पाठवायची तर खर्च बराच येईल. हवी असली तर कळव.

समोरची बाई म्हणते, तू रडली नाहीस म्हणून असं होतंय. असं म्हणजे कसं, ते तिला सांगता आलं नाही. आई गेली तेव्हा तू मॉस्कोला होतीस, म्हणून तुला माहीत नसेल. दोन इमारतींच्या मधे अंगणात तंबू लावला होता. मुलीनं आत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी विलाप गायचा. मी बसले. लोक येत होते. मामी मागून कोपरानं ढोसत होती. "बुरुलचा, आवाज काढ गं. लोक बघतायत." मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. शेवटी मामीनंच गायलं, माझ्या नावानं. चांगलं गायलं. बाहेरचे पुरुष समजले, मीच.

तू आलीस तेव्हा तंबू उतरवून झाला होता.

कामावर मी आहे तिथंच आहे, जंतूंसाठी माध्यमं उकळायच्या स्वयंपाकघरात. मी सुट्टीवर असताना माझ्या जागी लीडा क्रीगर आली होती, तिला ठेवून घेतलंय. आता आम्ही दोघी. ती बोलते खूप. मला बरं पडतं.

तुझ्या टेबलावर आता टंकलेखन यंत्र आहे.

बुरुलचा


फ्रुंझे, २८ नोव्हेंबर १९७६

सेयिल,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

आता विभागप्रमुख तुर्दुबेक बैके आहेत. तू गेलीस तेव्हा ते उपप्रमुख होते. तुझ्या चौकशीच्या समितीत विभागाच्या बाजूनं तेच बसले होते. माणूस वाईट नाही. बोलताना मिशी चावतात, तेवढंच. मंगळवारी त्यांनी यादी पाठवली. वर्षअखेरीला साठ्यातल्या कुठल्या जंतूंच्या नळ्या टिकवायच्या आणि कुठल्या मारायच्या. मारायच्यांच्या यादीत चौथं नाव सतरा नंबर. पुढे लिहिलं होतं, "मूल्य नाही."

आपल्याकडे दोन भट्ट्या आहेत हे तुला आठवत असेल. एक स्वच्छ, जिच्यात मी माध्यमं उकळते. दुसरी मारायची. मारायचीला वास येतो, म्हणून ती जिन्याखाली आहे. लीडानं नळ्यांचा ट्रे माझ्या हातातून घेतला.

"या तुमच्या बहिणीच्या ना? द्या, मी टाकते. तुम्ही वर जाऊन चहा घ्या."

"मला जड नाहीत."

"वजनाचं नाही म्हणत मी बाई."

"मला माहीत आहे."

बारा नळ्या होत्या. मी अकरा टाकल्या. बारावी एप्रनच्या खिशात राहिली. मुद्दाम ठेवली असं म्हणता येणार नाही. हात खिशात गेला आणि परत आला तो रिकामा आला. यादीवर मी बारा लिहून सही केली. घरी ती फडताळात, लोण्याच्या डब्याच्या मागे आहे. थंडीत ठेवली की टिकते.

तुला सांगावं की नाही ठरत नव्हतं. कॉरिडॉरमध्ये तुझा विषय निघतो तेव्हा तुला अजून "बिनपायरीची" म्हणतात. "बिनपायरीचीच्या खोलीत आता पंखा बसवणार." "बिनपायरीची हा चष्मा विसरली वाटतं." मी आले की गप्प होतात. गप्प नाही झाले तरी चालेल असं मला वाटतं, पण ते मी त्यांना सांगत नाही.

चष्मा मी घेतला आहे. तुझाच आहे.

बुरुलचा


फ्रुंझे, ३० जानेवारी १९७७

सेयिल,

परवा आईचं वर्ष झालं. मामानं घोडी कापली. नव्वद माणसं जेवली. बोर्सोक मी तळले, दोन परातीभर. मामी म्हणाली, "यंदा तरी काढशील आवाज." यंदाही नाही आला. आता कुणी वाट बघत नाही.

जेवणानंतर बायका भांडी घासत होत्या तेव्हा मामी आईच्या कुमीसबद्दल बोलत होती. आईचं विरजण कसं कधी बिघडलं नाही, कसं गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याकडून न्यायच्या. कुणीतरी विचारलं, ती काय करायची? मामी म्हणाली, "काही नाही गं. विरजण थकलं की ज्या घोडीचं दूध दुसऱ्या दिवशी लावायचं, त्याच घोडीचं थोडं आदल्या संध्याकाळी त्याला पाजायची. म्हणायची, उद्या जे काम करायचंय त्याची चव आजच लागू दे त्याला."

मी हात पुसले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या रात्री तुला लिहायला बसले नाही. आज बसले.

मी जे लिहिणार आहे त्यात चुका असतील, मी तुझ्याइतकी शिकले नाही. पण मला कळलेलं असं आहे. तूच मला समजावलं होतंस, सतरा नंबर आला त्या पावसाळी संध्याकाळी, ओट्यावर बसून. जंतूंना दोन साखरा एकत्र दिल्या, ग्लुकोज आणि दुधाची साखर, तर ते आधी ग्लुकोज खातात. ते आहे तोवर दुधाच्या साखरेकडे बघतही नाहीत. ती फोडायला जे एन्झाइम लागतं ते करतच नाहीत. करता येतं, पण करत नाहीत. ग्लुकोज संपलं की वाढ थांबते. मरत नाहीत, वाढत नाहीत. पाऊण तास नुसते असतात. तेवढ्या वेळात आत एन्झाइम तयार होतं आणि मग पुन्हा वाढ सुरू. कागदावर ती रेघ चढते, आडवी होते, पुन्हा चढते. त्या आडव्या जागेला तू पायरी म्हणायचीस.

सतरा नंबरला पायरी नव्हती. ग्लुकोज संपलं तरी तो न थांबता चढत गेला. तू म्हणालीस, "एजे, याला ग्लुकोजची बंदी लागूच नाही. असा जंतू कुणाकडे नाही." मी थोरली, म्हणून तू मला कायम एजेच म्हणायचीस. पुढच्या चार महिन्यांत चाळीस वेळा केलंस, चाळीसही वेळा पायरी आली नाही. मॉस्कोला नळी पाठवलीस, तर त्यांना पहिल्याच दिवशी पायरी दिसली. जानेवारीच्या सभेत तू उभी राहून म्हणालीस, या आणि माझ्याकडे बघा. आणि परत आल्यावर तुझ्याकडेही पायरी आली. फेब्रुवारीभर आली. समितीसमोर आली. मग ते म्हणाले, आधीच्या चाळीस रेघा हातानं काढल्या.

त्या हातानं काढलेल्या नव्हत्या. मी सांगते काय झालं.

रोज संध्याकाळी पाचला विरजण मी लावायची. सकाळी तू त्यातलं थोडं दोन साखरांच्या चंबूत घालायचीस. विरजण ग्लुकोजवर लावायचं हे तू पहिल्या दिवशी नोंदवहीत लिहून दिलं होतंस. पहिला आठवडा, सतरा नंबरच्या आधीचे जंतू होते तेव्हा, मी तसंच लावलं. सकाळी ते मंद असायचं. तू वैतागायचीस. "एजे, तुझं विरजण अजून झोपलंय. अंगाई गायलीस की काय रात्री?" सगळ्या हसायच्या. मला लागलं असेल. मी ग्लुकोजऐवजी दुधाची साखर घातली. सकाळी त्याला तेच काम करायचं होतं म्हणून. सकाळी ते मला तरतरीत वाटलं. तू काही बोलली नाहीस. मग मी रोज तसंच लावलं. नोंदवहीत रोज "ग्लुकोज" लिहिलं, कारण छापील रकाना होता आणि आधीच्या ओळीत तेच होतं.

आईचं करत होते, एवढंच माझ्या मनात होतं. तेही मनात नव्हतं. हात करत होता.

आई गेली, मी चाळीस दिवस घरी बसले. लीडा नवी होती, तिनं नोंदवही वाचून लावलं. ग्लुकोजवर. म्हणून पायरी आली.

माझ्या लक्षात हे तू गेल्यावर आलं. एप्रिलच्या शेवटी.

चाळीस दिवसांत तू तीनदा घरी आलीस, तिन्ही वेळा घड्याळ बघितलंस. हे मी का लिहिलं माहीत नाही. याचा याच्याशी संबंध नाही.

बुरुलचा


फ्रुंझे, ६ मार्च १९७७

सेयिल,

तुझं उत्तर नाही, पण मी थांबले नाही.

लोण्यामागची नळी काढली. लीडाला सांगावं लागलं, एकटीनं होत नाही. एकीनं दर दहा मिनिटांनी चंबूतलं पाणी किती गढूळ झालं ते यंत्रावर बघायचं, दुसरीनं लिहायचं. मला वाटलं ती तुर्दुबेक बैकेंकडे जाईल. ती म्हणाली, "मग त्या नोंदवहीत मी जे वाचलं ते खोटं होतं?"

"हो."

"आणि मी खरं केलं म्हणून तुमची बहीण बुडाली?"

"तसं नाही."

"तसंच आहे की. कधी आहे प्रयोग?"

शनिवारी सकाळी आठला सुरू केला. दोन विरजणं, एक ग्लुकोजवरचं, एक दुधाच्या साखरेवरचं. दोन्ही सतरा नंबरची. दोन चंबू, दोन्हीत दोन्ही साखरा, अगदी सारख्या. आठपासून आम्ही पाळीपाळीनं उठलो. लीडा आकडा सांगायची, मी लिहायची. तिला गप्प बसवत नाही. "माझ्या नवऱ्यासारखे आहेत. गोड संपेपर्यंत ताटातल्या दुसऱ्या कशाला हात नाही. आणि संपल्यावर असं तोंड, जसं काही मीच खाल्लं."

पावणेबाराला पहिला चंबू थांबला. दहा मिनिटांनी तोच आकडा. आणखी दहा मिनिटांनी तोच. लीडा म्हणाली, "आली पायरी." दुसरा चंबू चढत राहिला. लीडा खुर्चीवरून उठली, यंत्र पुसलं, पुन्हा बघितलं. दुसरा चढतच होता. साडेबाराला पहिला हलला, तोवर दुसरा कितीतरी पुढे गेला होता.

लीडानं खिडकी उघडली आणि तिथंच उभी राहिली. मी आकडे नीट उतरवले.

मला आनंद व्हायला हवा होता असं लीडाचं म्हणणं.

सतरा नंबर इतरांसारखाच आहे, सेयिल. त्याच्यात काही निराळं नाही. ग्लुकोजची बंदी त्यालाही आहे. फक्त आदल्या रात्री दुधाच्या साखरेवर वाढल्यामुळे एन्झाइम आधीच अंगात होतं. ग्लुकोज मिळाल्यावर त्यांनी नवं करायचं बंद केलं, पण जुनं होतं तेवढं राहिलं. एकाचे दोन झाले की ते दोघांत वाटलं गेलं, दोनाचे चार झाले की चौघांत. ग्लुकोज थोडंच होतं, ते संपेपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला थोडं तरी उरलं होतं. म्हणून थांबावं लागलं नाही. हे शेवटचं लीडाच्या डोक्यातून आलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तुझ्या रेघा खऱ्या होत्या आणि तुझं म्हणणं चूक होतं. दोन्ही एकदम.

सोमवारी कागद घेऊन तुर्दुबेक बैकेंकडे गेले. त्यांनी दोन्ही रेघा बघितल्या. मिशी चावली. दार लावायला सांगितलं.

"नळ्या मारल्या होत्या ना? बारांवर तुझी सही आहे."

"अकरा मारल्या, बैके."

"म्हणजे तिथंही खोटं लिहिलंस. नोंदवहीत खोटं, यादीत खोटं. आणि आता तुझ्या या कागदावर मी विश्वास ठेवू?"

"लीडानं आकडे वाचलेत. तुम्ही स्वतः करून बघा. विरजण मी लावून देते."

"तू लावून देऊ नकोस!" मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, बुरुलचा. तू स्वयंपाकीण आहेस. जेवणात मीठ जास्त पडलं तर पाहुण्यासमोर घरमालकीण खाली मान घालते, स्वयंपाकीण नाही. सेयिलनं आपलं विरजण काय खातंय हे बघायला हवं होतं. चार महिने बघितलं नाही."

"तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."

"तेच म्हणतोय मी."

पण त्यांनी कागद परत दिले नाहीत. दोन दिवसांनी स्वतः स्वयंपाकघरात आले, एप्रन मागितला आणि स्वतःच्या हातानं दोन्ही विरजणं लावली. सकाळी सातला हजर. एकला मी चहा घेऊन गेले तेव्हा कागदासमोर बसून होते. "सेयिलला लबाड म्हणणाऱ्या कागदावर माझी सही आहे," एवढंच बोलले. माझ्याशी नाही, कागदाशी.

त्यांचं म्हणणं असं. मॉस्कोचं प्रकरण बंद आहे, ते विभागाला उघडता येत नाही. जिच्यावर ठपका आहे तिनंच अर्ज करायचा. तू अर्ज केलास तर ते दोन्ही रेघा जोडतील, खाली सही करतील आणि ठपका काढायला सांगतील. नाही केलास तर सगळं कपाटात राहील आणि तू नाखोद्कात पाणी तपासत राहशील. नळीला जास्तीत जास्त उन्हाळ्यापर्यंत ठेवता येईल, मग साठ्याची पुन्हा मोजदाद आहे.

अर्जाला माझं निवेदनही जोडायचं आहे. काय चुकलं, कुणाकडून, कधी लक्षात आलं. मी एप्रिल लिहून दिलंय.

तू मला लिहू नकोस. अर्ज लिही.

बुरुलचा


फ्रुंझे, ३ मे १९७७

सेयिल,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वाचलेलं होतं, कारण देताना म्हणाला, "तुमची बहीण कमी बोलते." दोन ओळी आहेत. दोन प्रश्न. खाली नाव नाही. अक्षर तुझं आहे.

पहिल्याचं उत्तर. ग्लुकोजमध्ये किती काळ ठेवलं तर विसरतात, असं तू विचारलंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून केलं. तुर्दुबेक बैकेंनी तीन शनिवार दिले, यंत्राची किल्लीही दिली. दुधाच्या साखरेवर वाढवलेलं विरजण धुऊन घेतलं, मग नुसत्या ग्लुकोजमध्ये ठेवलं, आणि दर तासाला थोडं काढून दोन साखरांच्या चंबूत घातलं. ग्लुकोजवर त्यांची साधारण तासाला एक पिढी होते. अजिबात ठेवलं नाही तर पायरी नाही. एक पिढी ठेवलं तर चार मिनिटं. दोन पिढ्या, नऊ मिनिटं. तीन पिढ्या, सतरा. चार, सव्वीस. पाच, पस्तीस. सहाव्या पिढीला त्रेचाळीस, सातव्याला चव्वेचाळीस, आणि त्यापुढे कितीही ठेवा, तेवढीच. प्रत्येक आकडा तीन वेळांचा मधला आहे. चौथ्या पिढीतला एक आकडा भलताच आला होता, लीडाला शिंक आली आणि झाकण पडलं, तो धरला नाही. पण लिहून ठेवला आहे. पूर्ण तक्ता सोबत आहे.

म्हणजे आईनं केलेलं सहा पिढ्या पुरतं. कमी कमी होत. लीडानं हे ऐकून नवऱ्याला फोन केला. तुर्दुबेक बैके म्हणाले, "हे तर तिच्या पहिल्या म्हणण्यापेक्षा मोठं आहे. तिनं स्वतः येऊन करायला हवं." मी त्यांना सांगितलं, तिनंच विचारलंय.

कोरा अर्ज सोबत आहे. तुझ्या सहीची जागा पेन्सिलीनं खुणावली आहे. माझं निवेदन मी परत मागून घेतलं आणि दुसरं लिहिलं. तुर्दुबेक बैकेंनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, आहे तर अर्धंच पान.

"ही तारीख ठेवलीस तर तुला काढावं लागेल. मला हवं असो नसो."

"हो."

"एप्रिल राहू दे. एप्रिलनं तिचं काही बिघडत नाही. ठपका तसाही निघतो."

"तिनं विचारलंय, बैके."

त्यांनी शिक्का मारला. जूनपर्यंत मी कामावर आहे. स्वयंपाकघर लीडाकडे जाईल. तिला सगळं दाखवलं आहे.

दुसऱ्याचं उत्तर. कधी कळलं, असं तू विचारलंस.

बारा मार्च, शुक्रवार. गेल्या वर्षीचा. एप्रिल मी खोटं लिहिलं होतं.

चाळीस दिवस संपवून मी मंगळवारी कामावर आले होते. मला भांड्यांच्या कामावर लावलं होतं, विरजण लीडाच लावत होती. शुक्रवारी दुपारी ती फडताळापाशी उभी राहून म्हणाली, "तुम्ही काय हवेवर जंतू वाढवायचात का हो? मी ग्लुकोजची एक बरणी महिन्यात संपवली. तुमची दुसरी सप्टेंबरपासून भरलेली आहे, सीलसकट. आणि दुधाच्या साखरेच्या तीन रिकाम्या." मी तिच्या हातातून बरणी घेतली. सील बघितलं. तेव्हा कळलं. सगळं, एकदम, जसं मी जानेवारीच्या पत्रात लिहिलं तसंच. मी म्हणाले, "जुन्या बरण्या असतील." आणि बरणी जागेवर ठेवली.

समिती एकोणीसला बसली. मधे सात दिवस होते. ते दिवस तुला सांगते.

शनिवारी मी बाजारात गेले. बटाटे, कांदे, आईच्या पडद्यासाठी कड्या. रविवारी पडदे धुतले. सोमवारी तू कॉरिडॉरमध्ये भेटलीस, तुझे केस विंचरलेले नव्हते. मंगळवारी तू चार चंबू लावलेस, चारांतही पायरी आली. तू चंबू धुवायला माझ्याकडे आणून दिलेस. मी धुतले. बुधवारी तू आली नाहीस. मामीनं फोन करून विचारलं, सेयिलला बरं नाही का? मी म्हणाले, कामात आहे.

गुरुवारी संध्याकाळी पाचला लीडानं समितीसाठी विरजण लावायला घेतलं. ती घाबरली होती. दोन्ही बरण्या पुढ्यात होत्या. तिनं मला विचारलं, "ग्लुकोजच ना? एकदा सांगा." मी तिच्या शेजारी उभी होते. मी म्हणाले, "नोंदवहीत तेच आहे."

शुक्रवारी सव्वाबाराला पायरी आली. तू दार उघडून बाहेर आलीस. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तू भिंतीला टेकलीस आणि मला विचारलंस, "एजे, काय चुकलं असेल गं माझं?"

मी म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं. चहा घे."

तू पियाला घेतलास. दोन्ही हातांनी धरलास आणि पूर्ण प्यालीस.

मला कळत होतं.

बुरुलचा